ओपन सोर्स प्रकल्पात पहिला पॅच: परवाना, नियम आणि पाठवण्याची रीत

नवख्या माणसाचा पहिला पॅच, म्हणजे प्रकल्पाला पाठवलेला कोडमधला बदल, परत येतो तेव्हा पुष्कळदा कोड बरोबरच असतो. कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, साइन-ऑफ (कोडच्या उगमाची खात्री देणारी ओळ) नसतो, दुसऱ्या परवान्याखालचं चाळीस ओळींचं एक फंक्शन आत आलेलं असतं, किंवा एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल घ्या अशा विनंतीत) बगची दुरुस्ती, नवं फीचर आणि सगळ्या फाइलचं फॉरमॅटिंग कोंबलेलं असतं.

प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर मुख्यतः दोन गोष्टी बघतो. हा बदल पुढे आपल्याला सांभाळता येईल का, आणि यातली प्रत्येक ओळ कुठून आली हे पाठवणाऱ्याला सांगता येतं का. पहिल्या बाबतीत काही कमी असेल तर रिव्ह्यूमध्ये सुधारता येतं. दुसरी बाब मात्र कोड लिहितानाच ठरून गेलेली असते. नंतर कितीही चर्चा केली तरी ती बदलत नाही. म्हणून इथे परवान्याचा भाग आधी आणि सविस्तर घेतला आहे, गिटचा, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, त्यानंतर.

पायरी १: वरच्या फोल्डरमधल्या फाइली वाचा

रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा साठा, उघडली की सगळ्यात वर, नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या काही फाइली दिसतात. रीडमी बहुतेक जण वाचतात. तुमच्या कामाच्या मात्र तीन आहेत: लायसन्स (काही प्रकल्पांत तिचं नाव कॉपीइंग असतं), कॉन्ट्रिब्युटिंग आणि सिक्युरिटी. अपाचे परवान्याच्या प्रकल्पांत नोटीस नावाची आणखी एक फाइल असू शकते. त्यातल्या श्रेयाच्या ओळी पुढे वाटलेल्या प्रतीतही ठेवाव्या लागतात, त्यामुळे तिला हात लावू नका. कॉन्ट्रिब्युटिंग वर दिसली नाही तर डॉक्स फोल्डरमध्ये किंवा टिंबाने सुरू होणाऱ्या गिटहब फोल्डरमध्ये बघा; टिंबाचे फोल्डर टर्मिनलवरच्या साध्या यादीत दिसत नाहीत, म्हणून ते सहज नजरेतून सुटतात.

कॉन्ट्रिब्युटिंग वाचताना कागदावर उत्तरं लिहून घ्या. बदल कोणत्या ब्रँचवर (कोडच्या फाट्यावर) पाठवायचा? आधी इश्यू (बग किंवा सूचनेची सार्वजनिक नोंद) उघडावा लागतो का? साइन-ऑफ हवा की करारावर सही? टेस्ट कोणत्या आदेशाने चालतात? एआयने लिहिलेल्या कोडबद्दल काही नियम आहे का? आणि मुळात पुल रिक्वेस्ट स्वीकारतात का? लिनक्स कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दिसतो, पण तिथे उघडलेली पुल रिक्वेस्ट कोणी घेत नाही; कर्नलचे पॅच ईमेलने जातात. हे न वाचता पाठवलेलं काम चुकीच्या दारावर पडून राहतं.

लायसन्स फाइलच नसेल तर कोड लिहायला घेऊ नका. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो वापरायला मोकळा असतो, हा समज चुकीचा आहे. बर्न करार मानणाऱ्या देशांत कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही. लिहिल्याक्षणी हक्क लेखकाचा होतो. परवाना दिलेला नसेल तर कॉपी करणं, बदलणं, वाटणं हे सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. गिटहबच्या अटींमुळे इतरांना तो कोड तिथे पाहता येतो आणि फोर्क करता येतो (आपल्या खात्यात प्रत घेता येते), एवढंच. अशा वेळी आधी एक इश्यू उघडून नम्रपणे विचारा: हा प्रकल्प कोणत्या परवान्याखाली द्यायचा विचार आहे? उत्तर आलं, फाइल आली, की मग पुढे जा.

पायरी २: परवाना नेमका कोणता, ते ओळखा

«ओपन सोर्स आहे» एवढं कळून भागत नाही. परवान्यांचे तीन-चार गट आहेत आणि गटानुसार तुम्ही आत काय आणू शकता ते बदलतं.

सैल परवाने: एमआयटी, दोन किंवा तीन कलमांचा बीएसडी, आणि अपाचे २.०. यांची मुख्य अट एवढीच की कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत राहिला पाहिजे. हा कोड बंद, म्हणजे सोर्स न दाखवणाऱ्या, उत्पादनातही वापरता येतो. जानेवारी २००४ मधला अपाचे २.० यांच्यात थोडा वेगळा आहे, कारण त्यात पेटंटचं कलम आहे: योगदान देणारा त्या योगदानापुरता आपल्या पेटंटचा हक्क वापरणाऱ्यांना देतो, आणि त्याच सॉफ्टवेअरवरून कोणी पेटंटचा दावा लावला तर दावा लावणाऱ्याला मिळालेला पेटंट-हक्क संपतो.

फाइलपुरता किंवा लायब्ररीपुरता कॉपीलेफ्ट (बदललेला कोडही त्याच परवान्याखाली द्यायची अट): एमपीएल २.० आणि एलजीपीएल. एमपीएलखालच्या फाइलमध्ये बदल केला तर ती फाइल एमपीएलखालीच द्यावी लागते. शेजारची स्वतंत्र फाइल दुसऱ्या परवान्याखाली असू शकते.

पूर्ण कॉपीलेफ्ट: जीपीएल. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. जीपीएल कोड मिसळून केलेलं सॉफ्टवेअर वाटायचं तर ते अखंड जीपीएलखाली, सोर्ससकट द्यावं लागतं. एजीपीएल त्यापुढे जाऊन म्हणतो की बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवून लोकांना नेटवर्कवरून वापरायला दिलं, तरी त्या वापरणाऱ्यांना सोर्स मिळाला पाहिजे.

चौथा गट फसवा आहे. कोड वाचायला खुला असतो पण वापरावर बंधन असतं: व्यावसायिक वापर नको, स्पर्धक सेवा नको, वगैरे. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या १९९८ साली सुरू झालेल्या संस्थेच्या व्याख्येत दहा निकष आहेत आणि वापराच्या क्षेत्रावर बंधन घालणारा परवाना त्यात बसत नाही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि टेराफॉर्मच्या कंपनीने २०२३ मध्ये आपलं सॉफ्टवेअर अशा परवान्यांवर नेलं. तिथे योगदान देऊच नये असं नाही, पण काय देतो आहोत ते माहीत असावं.

परवाना वाचताना एक शब्द हमखास निसटतो: «फक्त» की «किंवा पुढची कोणतीही». जीपीएल २ फक्त आणि जीपीएल २ किंवा नंतरची आवृत्ती हे व्यवहारात दोन वेगळे परवाने आहेत. लिनक्स कर्नल «जीपीएल २ फक्त» या प्रकारातला आहे, म्हणून केवळ जीपीएल ३ खाली मिळणारा कोड तिथे चालत नाही. हा भेद लायसन्स फाइलवरून कळत नाही, कारण परवान्याचा मजकूर दोन्हीकडे तोच असतो. तो सोर्स फाइलच्या माथ्यावरच्या टिपेत लिहिलेला असतो. तिथे एसपीडीएक्स आयडेंटिफायरची ओळ असेल तर काम सोपं होतं. ही ओळख-नावांची पद्धत २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि तिच्यात «ओन्ली» व «ऑर लेटर» असा भेद नावातच असतो.

पायरी ३: बाहेरून काही आणत असाल तर आधी जुळतं का ते बघा

नवीन माणसाच्या हातून सर्वांत गंभीर चुका इथे होतात. इथे दिशा महत्त्वाची आहे. सैल परवान्याचा कोड कडक परवान्याच्या प्रकल्पात येऊ शकतो, उलट नाही. एमआयटीखालचं फंक्शन जीपीएल प्रकल्पात आणता येतं, फक्त त्याची मूळ कॉपीराइट ओळ आणि एमआयटीचा मजकूर काढायचा नाही. जीपीएलचं फंक्शन एमआयटी प्रकल्पात आणलं तर एकत्रित सॉफ्टवेअर जीपीएलखाली द्यावं लागेल. एका फंक्शनसाठी कोणताही मेंटेनर हे मान्य करणार नाही आणि त्याने करूही नये.

काही जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. अपाचे २.० जीपीएल ३ मध्ये चालतो, पण «जीपीएल २ फक्त» मध्ये नाही. अपाचेमधल्या पेटंटच्या अटी जीपीएल २ च्या दृष्टीने जादा बंधन ठरतात. जुना चार कलमांचा बीएसडी जीपीएलशी जुळत नाही, कारण जाहिरातीत श्रेय देण्याची सक्ती त्यात आहे. बर्कली विद्यापीठाने आपल्या कोडवरचं ते कलम १९९९ मध्ये मागे घेतलं, पण इतरांच्या जुन्या फाइलींत ते अजून सापडतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम उत्तम असूनही लिनक्स कर्नलच्या मूळ कोडमध्ये नाही, त्याचं कारणही परवानाच: ती जीपीएलशी न जुळणाऱ्या सीडीडीएल परवान्याखाली आहे. आणि «हे सॉफ्टवेअर सत्कार्यासाठीच वापरावं, दुष्कृत्यासाठी नव्हे» असं कलम असलेला जेसन परवाना ऐकायला भला वाटतो, पण वापरावर बंधन घालतो. अपाचे फाउंडेशनने २०१६ मध्ये तो आपल्या प्रकल्पांत निषिद्ध ठरवला.

आता रोजच्या कामातली ठिकाणं.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचं उत्तर. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली असतो, म्हणजे श्रेय द्यायचं आणि पुढेही त्याच अटी ठेवायच्या. एमआयटी किंवा अपाचे प्रकल्पात तो तुकडा जसाच्या तसा डकवता येत नाही. उत्तर वाचा, पद्धत समजून घ्या, खिडकी बंद करा आणि स्वतःच्या शब्दांत कोड लिहा. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. मात्र व्हेरिएबलची नावं बदलणं म्हणजे नव्याने लिहिणं नव्हे, आणि पायथनमधला कोड ओळीमागून ओळ रस्टमध्ये उतरवणं हेही नव्याने लिहिणं नव्हे. भाषांतरावर मूळ लेखकाचा हक्क राहतो.

बंद सॉफ्टवेअरचा कोड. ज्या प्रकल्पांत दुसऱ्याच्या बंद सॉफ्टवेअरसारखं वागणारं सॉफ्टवेअर लिहिलं जातं तिथे नियम फार कडक असतो. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन प्रकल्पात मायक्रोसॉफ्ट विंडोजचा सोर्स पाहिलेल्या माणसाचा त्या भागातला कोड घेत नाहीत. नुसतं पाहणंही तिथे अडचण ठरतं, म्हणून कुठे फुटलेला सोर्स सापडला तर कुतूहलानेही उघडू नका.

एआयकडून लिहून घेतलेला कोड. इथे प्रकल्पांची मतं वेगवेगळी आहेत, अंदाज करू नका. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये अशा योगदानांना बंदी घातली. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने त्याच वर्षी मे महिन्यात असा कोड दूषित मानला जाईल आणि आधी लेखी मंजुरी घेतल्याशिवाय कमिट करता येणार नाही असं ठरवलं. इतर अनेक ठिकाणी चालतं, पण वापर केल्याचं सांगावं लागतं. अडचण पुन्हा तीच आहे: ती ओळ कुठून आली हे तुम्हाला सांगता येत नाही. परवानगी असेल तिथेही प्रत्येक ओळ समजून घेतल्याशिवाय पाठवू नका, रिव्ह्यूत «हे असं का?» विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

नवी लायब्ररी. एक डिपेंडन्सी (आपला कोड जिच्यावर अवलंबून आहे अशी लायब्ररी) वाढवली की तिच्यामागून तिच्याही डिपेंडन्सी येतात. पॅकेज मॅनेजरच्या यादीतून सगळ्यांचे परवाने काढा आणि पुल रिक्वेस्टच्या वर्णनात लिहा. पन्नास ओळींत होणाऱ्या कामासाठी नवी लायब्ररी ओढून आणू नका.

चित्रं, आयकॉन, फॉन्ट, आवाज. हाही कोडइतकाच परवान्याचा विषय आहे आणि लोक तो विसरतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नावात «एनसी» किंवा «एनडी» असेल तर ते ओपन सोर्स प्रकल्पात सहसा चालत नाही: पहिल्यात व्यावसायिक वापर बंद आहे, दुसऱ्यात बदल. देवनागरीचे बरेच मुक्त फॉन्ट एसआयएलच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात. ते सॉफ्टवेअरसोबत देता येतात, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि फॉन्टचं नाव राखीव ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. एक जोडाक्षर दुरुस्त करून त्याच नावाने फाइल पाठवली तर इथे अडकाल.

पायरी ४: कोड देण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का?

कोड तुम्ही लिहिला म्हणजे तो तुमचा, असं नेहमी नसतं. नोकरीच्या करारात कामाशी संबंधित लेखनाचा हक्क कंपनीकडे जातो असं कलम बहुधा असतं; काही करारांत फावल्या वेळातलं कामही येतं. करार काढून ते कलम वाचा. शंका असेल तर कंपनीकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्या आणि ती जपून ठेवा. तोंडी «हो, कर की» पुरत नाही, कारण हो म्हणणारा माणूस नोकरी सोडून जातो. विद्यापीठाच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनातला कोड असेल तर तीच काळजी तिथेही घ्या.

हक्क आहे हे प्रकल्पाला कसं कळवायचं, याच्या तीन रीती आहेत.

पहिली, काहीच वेगळं नाही. प्रकल्पाचा जो परवाना, त्याच परवान्याखाली योगदान आलं असं धरतात. गिटहबच्या वापराच्या अटींत हेच लिहिलं आहे, आणि अपाचे परवान्याच्या पाचव्या कलमातही.

दुसरी, डीसीओ, म्हणजे कोडच्या उगमाचं प्रमाणपत्र. एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा २००३ मध्ये लावला, तेव्हा कुठला पॅच कोणाकडून आला हे दाखवण्याची निकड कर्नलला जाणवली आणि २००४ मध्ये ही पद्धत आली. मजकूर एका पानाचाही नाही. तुम्ही सांगता ते असं: हा कोड मी लिहिला आणि तो देण्याचा मला हक्क आहे, किंवा तो जुळणाऱ्या परवान्याच्या आधीच्या कामावर बेतला आहे, किंवा तो मला अशीच खात्री देणाऱ्या दुसऱ्या माणसाने दिला आणि मी त्यात बदल केलेला नाही. शिवाय ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे. शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. कमिटमधलं नाव आणि ईमेल नंतर पुसता येत नाही, म्हणून जो पत्ता जगाला दिसला तरी चालेल तोच गिटमध्ये घाला.

साइन-ऑफ म्हणजे कमिटच्या संदेशाच्या शेवटी «साइन्ड-ऑफ-बाय» अशी ओळ, पुढे नाव आणि ईमेल. गिट कमिट या आदेशाला डॅश आणि लहान एस जोडला की ती आपोआप येते. इथे एक गोंधळ फार वेळा होतो: मोठा एस जोडला तर कमिटवर क्रिप्टोग्राफिक सही होते. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिने साइन-ऑफची अट पुरी होत नाही. पुल रिक्वेस्टवर बॉटच्या आपोआप तपासणीत लाल फुली आली तर शेवटच्या एका कमिटसाठी कमिट आदेशाला अमेंड आणि साइनऑफ हे पर्याय द्या. कमिट अनेक असतील तर रिबेस या कमिट पुन्हा रचणाऱ्या आदेशालाच साइनऑफचा पर्याय आहे. किती कमिट मागे जायचं ते सांगितलं की सगळ्यांवर ओळ येते. साइन-ऑफमधला ईमेल कमिटच्या लेखकाच्या ईमेलशी जुळत नसेल तरीही बहुतेक बॉट फुली मारतात. आणि दुसऱ्याच्या नावाने साइन-ऑफ कधीच करायचा नाही. ती त्याची खात्री आहे, तुमची नाही.

तिसरी रीत, सीएलए, म्हणजे योगदानाचा करार. तो एकदाच सही करायचा असतो. सही करण्याआधी एवढं शोधा: तुम्ही हक्क वापरायची परवानगी देत आहात, की हक्कच हस्तांतरित करत आहात? अपाचे फाउंडेशनच्या करारात कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. जीएनयूच्या काही प्रकल्पांत, उदाहरणार्थ ईमॅक्समध्ये, मोठ्या बदलासाठी कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करावा लागतो. साधारण पंधरा ओळींच्या आतला बदल त्यासाठी किरकोळ धरतात. जीएनयूच्याच जीसीसी या कंपायलरच्या प्रकल्पाने ही सक्ती २०२१ मध्ये उठवली आणि डीसीओही चालू केला. कंपनीत काम करत असाल तर कंपनीसाठीचा वेगळा करार लागतो का तेही बघा.

सीएलएमध्ये प्रकल्पाला पुढे परवाना बदलण्याची मुभा दिलेली असू शकते. त्याला दोन्ही बाजू आहेत. अशी मुभा नसेल तर परवाना बदलताना प्रत्येक जुन्या योगदानकर्त्याला शोधून होकार घ्यावा लागतो: ओपनएसएसएलने २०१५ मध्ये जाहीर केलेला बदल २०२१ च्या ३.० आवृत्तीत प्रत्यक्ष आला. मुभा असेल तर एखादी कंपनी तुमचा कोड उद्या बंद परवान्याखालीही देऊ शकते. आमच्या मते, करार एकाच कंपनीच्या नावे असेल आणि परवाना बदलण्याचा हक्क मोकळा सोडलेला असेल, तर सही करण्याआधी एक दिवस थांबून विचार करावा.

पायरी ५: छोटं काम निवडा, आधी बोला

टायपोची दुरुस्ती एक-दोन ओळींची असेल तर थेट पाठवा. त्यापुढचं काही असेल तर आधी इश्यूत लिहा: काय बिघडतं, कोणत्या आवृत्तीवर, कसं घडवून दाखवता येतं, आणि तुम्ही कसं दुरुस्त करणार आहात. दोन आठवडे खपून लिहिलेलं फीचर «हे आम्हाला नको आहे» म्हणून परत येतं तेव्हा दोन्ही बाजूंना वाईट वाटतं, आणि ते चार ओळींच्या प्रश्नाने टळलं असतं. एखाद्या इश्यूवर आधीच कोणी काम करत असेल तर त्याला विचारा. हवा तेवढा वेळ जाऊ द्या, पण «मला द्या» एवढंच लिहून इश्यू अडवून ठेवू नका.

संख्या वाढवण्यासाठी पाठवलेले बदल लगेच ओळखू येतात. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्स योगदानं मोजणाऱ्या उपक्रमात, निरर्थक पुल रिक्वेस्टांचा इतका लोंढा आला की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला; तेव्हापासून ज्या प्रकल्पांनी स्वतःहून नाव दिलं तिथलीच योगदानं मोजतात.

पायरी ६: ब्रँच, कमिट, संदेश

फोर्क करा, क्लोन करा (ती प्रत आपल्या मशीनवर उतरवा), आणि मूळ रिपॉझिटरी «अपस्ट्रीम» या नावाने रिमोट म्हणून जोडा. मेन ब्रँचवर काम करू नका. प्रत्येक बदलासाठी अपस्ट्रीमच्या ताज्या कोडवरून नवी ब्रँच काढा. मेनवर काम केलं तर दुसरा बदल सुरू करताना पहिला त्यात अडकून येतो.

एका कमिटमध्ये एकच गोष्ट. नावं बदलायची असतील तर त्याचं कमिट वेगळं, वागणूक बदलायची असेल तर वेगळं. बिघाड नंतर गिट बायसेक्टने शोधतात आणि ते साधन एका कमिटपर्यंत नेऊन सोडतं. त्या कमिटमध्ये पाच गोष्टी असतील तर शोध तिथेच अडतो. त्याच कारणाने प्रत्येक कमिट आपल्या पायावर बिल्ड झालं पाहिजे.

संदेशाची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, दुसरी रिकामी, पुढचा मजकूर बहात्तर अक्षरांवर मोडलेला. हा आकडा गिट लॉग संदेश चार जागा आत सरकवून दाखवतं आणि टर्मिनल ऐंशी अक्षरांचा असतो यातून आला. संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा; काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, दिसतंच. कोड दुसरीकडून आणला असेल तर मूळ प्रकल्प, फाइल, कमिटचा क्रमांक आणि परवाना इथेच नोंदवा.

पाठवण्याआधी डिफ स्वतः एकदा ओळीन्‌ओळ वाचा. तीन ओळी बदलल्या आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी दिसत असेल तर ओळींच्या शेवटाची गडबड आहे: विंडोजवरच्या एडिटरने प्रत्येक ओळीला जादा चिन्ह लावलं. किंवा एडिटरने सेव्ह करताना फाइल आपोआप फॉरमॅट केली. दोन्ही सेटिंग बंद करा आणि कमिट पुन्हा करा. ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा डिफ आदेशाच्या चेक या पर्यायाने सापडतात.

नवी फाइल असेल तर प्रकल्पात रूढ आहे तशी कॉपीराइट आणि एसपीडीएक्सची ओळ माथ्यावर घाला. ओळखनाव शेजारच्या फाइलमधून उचला, आठवणीने लिहू नका. दुसऱ्याची कॉपीराइट ओळ कधीही काढू नका, तुम्ही फाइल जवळपास नव्याने लिहिली असली तरी. आपली ओळ तिच्याखाली जोडा.

पायरी ७: पुल रिक्वेस्ट आणि रिव्ह्यू

टेस्ट आणि लिंटर (कोडमधल्या चुका व शैली तपासणारं साधन) आधी आपल्या मशीनवर चालवा. बगची दुरुस्ती असेल तर तो बग पकडणारी टेस्ट जोडा, आणि ती दुरुस्तीशिवाय नापास होते हे एकदा चालवून बघा. नाहीतर ती काहीच तपासत नसते.

वर्णनात इश्यूचा क्रमांक, बदलाचं कारण, कसं तपासलं, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक गोष्टीचा परवाना. दिलेला नमुना पुसून टाकू नका, भरा. बदल दोन-तीनशे ओळींच्या पुढे जात असेल तर तोडता येतो का बघा. मोठा पॅच रिव्ह्यू करायला सलग वेळ लागतो आणि फावल्या वेळात काम करणाऱ्या मेंटेनरकडे नेमका तोच नसतो.

सूचना आल्या की प्रत्येकीला उत्तर द्या: केलं, किंवा का केलं नाही. दुरुस्त्यांची कमिटं वेगळी ठेवायची की जुन्यात मिसळायची हे प्रकल्पाच्या रीतीवर आहे. मिसळायची असतील तर इंटरॅक्टिव्ह रिबेस करा आणि पुश करताना साध्या फोर्सऐवजी «फोर्स विथ लीज» वापरा. ब्रँचवर मध्ये दुसऱ्या कोणी काही ढकललं असेल तर तो पुश अडतो; साधा फोर्स मात्र ते काम न विचारता पुसून टाकतो. दोन आठवड्यांत काहीच उत्तर आलं नाही तर एक सौम्य आठवण करा, रोज करू नका.

सुरक्षेचा बग सापडला असेल तर ही पायरी लागू नाही

इतरांच्या मशीनवर हल्ला करता येईल असं छिद्र सापडलं तर इश्यू उघडू नका, पुल रिक्वेस्टही नाही. दोन्ही सार्वजनिक आहेत आणि दुरुस्ती येण्याआधीच वाट दाखवतात. सिक्युरिटी फाइलमध्ये खासगी पत्ता किंवा फॉर्म असतो, तिथे कळवा. जाहीर करण्याआधी किती दिवस थांबायचं हे मेंटेनरशी बोलून ठरवा. नव्वद दिवस ही बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी मुदत आहे.

परवान्याची चूक नंतर लक्षात आली तर

पॅच अजून घेतलेला नसेल तर पुल रिक्वेस्ट बंद करा, कारण स्पष्ट लिहा, आणि तो भाग मूळ कोड न बघता नव्याने लिहा. तुम्ही तो आता पाहिलेला आहे, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला लिहू द्या.

पॅच घेतलेला असेल तर त्याच दिवशी मेंटेनरना कळवा: कोणतं कमिट, कोणत्या ओळी, मूळ कोड कुठला, त्याचा परवाना काय. मग तीन वाटा उरतात. मूळ लेखकाला लिहून त्या तुकड्यापुरती वेगळी परवानगी मागणं. हे वाटतं त्यापेक्षा अनेकदा जमतं, आणि उत्तर आलं की त्याचा मजकूर कमिटच्या संदेशात जपावा. ते जमलं नाही तर त्या ओळी काढून दुसऱ्या कोणी नव्याने लिहिणं. किंवा तो भाग तूर्त रिव्हर्ट करणं, म्हणजे तो बदल उलटवणं. एवढं लक्षात घ्या की रिव्हर्टने कोड ताज्या आवृत्तीतून जातो, इतिहासातून नाही; जुन्या प्रकाशित आवृत्त्यांमध्ये तो राहतोच. इतिहास पुन्हा लिहायचा का, जुन्या आवृत्त्या मागे घ्यायच्या का, हे मेंटेनरनी ठरवायचं. ते ठरवण्यासाठी त्यांना लागते ती तुम्ही दिलेली अचूक यादी, म्हणून तीत एकही ओळ गाळू नका.